उजवीकडची सीट

नानांनी फ्लाइंग क्लबच्या फाटकाशी गाडी उभी केली, तेव्हा मागच्या सीटवरून त्यांची थोरली बहीण अक्का तिसऱ्यांदा म्हणाली, "मला आधी एक कळू दे. आपण त्याचं कौतुक करायला आलोय की त्याला उचलून घरी न्यायला?"

"बघू," नाना म्हणाले.

"बघू म्हणजे घरी न्यायला. तुझं बघू मी पन्नास वर्षं ऐकतेय."

नानांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. तीन पिढ्या चष्म्याच्या दुकानात घालवलेल्या या घराण्यातल्या पुरुषांची ही जुनी खोड. उत्तर सुचलं नाही की काच पुसायची. समोरच्याला वाटतं माणूस विचार करतोय.

झालं होतं ते असं. क्लबमधल्या शिकवणाऱ्या बाईंनी गुरुवारी नानांच्या भावाच्या, म्हणजे अप्पांच्या मुलीला, बेबीला फोन केला. अप्पांचे विमान शिकण्याचे एक्केचाळीस तास झालेत. पंधरा-वीस तासांत लोक पहिल्यांदा एकट्याने विमान उडवतात. अप्पांना अजून एकटं सोडता येत नाही, कारण उतरताना दरवेळी काहीतरी बिघडतं. मोठे साहेब म्हणतात, रविवार शेवटचा. रविवारी एकटे गेले तर ठीक, नाहीतर यादीतून नाव कमी. घरचं कोणी आलं तर बरं होईल. बेबीने नानांना कळवलं, नानांनी घरात सांगितलं, आणि भिंतीपलीकडून अक्काने ऐकलं. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या शाळेतून पालकांना बोलावणं आलं होतं.

नानांनी मनातून काय ठरवलं होतं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, अप्पांनी आज नापास व्हावं. तीस वर्षं दोघे भाऊ एकाच दुकानात बसले, नाना पुढे गल्ल्यावर आणि अप्पा मागच्या खोलीत काचा घासायला. दिवसभर मागून घासण्याचा आवाज यायचा आणि मधूनच अप्पांचं एखादं वाक्य, बहुतेक गिऱ्हाइकाच्या नाकाबद्दल. वहिनी, म्हणजे अप्पांच्या पत्नी, वारल्या आणि अप्पांनी दुकानात येणं बंद केलं. सहा महिने घरात बसून काढले आणि एक दिवस सांगितलं, मी विमान शिकतोय. नाना तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, दुकानात माणूस कमी पडतोय. माणूस कमी पडत नव्हता, मागच्या खोलीत नवा कारागीर होता आणि तो अप्पांपेक्षा वेगात काम करायचा. फक्त तो कानांत गाणी लावून बसायचा.

भावाने हरावं म्हणून आपण इथवर गाडी चालवत आलो, याची नानांना लाज वाटली. पण गाडी परत वळवण्याइतकी नाही वाटली.

अप्पा विमानाशी होते. दोन माणसं जेमतेम मावतील असलं पांढरं विमान, पंख दोरांनी जमिनीशी बांधलेले. अप्पांनी तेल मोजायची पट्टी फडक्याने पुसली, परत आत घातली, बाहेर काढून उजेडात धरली. मग त्यांना फाटकातून येणारी मंडळी दिसली. मागोमाग बेबीचीही गाडी लागली.

"सगळे एकदम?" अप्पा म्हणाले. "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," अक्का म्हणाली. "तू वर गेलास की बघू."

अप्पा हसले. हे हसणं त्यांनी बऱ्याच दिवसांत वापरलं नसावं, नीट उमटलंच नाही.

"बाबा, बाईंनी फोन केला होता," बेबी म्हणाली.

"हो का," अप्पा म्हणाले आणि खाली बसून चाकातली हवा बघू लागले. चाक नुकतंच बघून झालं होतं.

*

बेबी छत्तीस वर्षांची दातांची डॉक्टर होती. घरातल्या एकाही माणसाने तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली नव्हती, आणि आता मारली असती तर तीच दचकली असती. बाईंच्या ऑफिसात ती पेशंटच्या नातेवाइकासारखी खुर्चीच्या कडेला बसली. या खुर्चीत बसायची तिला सवय नव्हती. एरवी ती पलीकडच्या खुर्चीत असायची.

बाई बेबीपेक्षा लहान होत्या, अठ्ठावीस-एकोणतीसच्या. अप्पांनी पहिल्याच दिवशी त्यांना 'बाई' म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळा क्लब म्हणू लागला. त्यांनी एक फाइल उघडून बेबीकडे वळवली.

"ही तारीख बघा. त्या दिवशी आडवा वारा होता. मी सकाळीच अप्पांना सांगितलं, आज काही झालं तरी तुम्हाला एकटं सोडणार नाही, वारा वाईट आहे. त्या दिवशी अप्पा तीनदा उतरले. तिन्ही वेळा चाकं कधी टेकली ते मला कळलं नाही. आडव्या वाऱ्यात माझ्याच्याने तसं उतरवत नाही."

"आणि?"

"दोन दिवसांनी वारा नाही, काही नाही. मी म्हटलं, अप्पा, आता छान उतरलात की मी खाली उतरते आणि तुम्ही एकटे जा. धपकन आपटलं. परत गेलो, परत आपटलं."

"घाबरत असतील."

"घाबरलेला माणूस वेगळा असतो हो. हात ताठ होतात, श्वास धरतो, डोळे एकाच जागी खिळतात. अप्पांचे हात सैल असतात. जमीन हातभर खाली असतानाच ते नाक उचलतात. विमान तिथे थांबतं आणि खाली पडतं. दरवेळी तेवढंच. हातभर."

"मोजून," बेबी म्हणाली.

"मोजून. विमानाचं काही मोडणार नाही आणि मी काही उतरणार नाही, बरोबर तेवढं."

बेबीला काच घासताना वाकलेली बाबांची पाठ आठवली. केसाच्या जाडीचा फरक त्यांना बोटाला कळायचा.

"पण का?" तिने विचारलं.

"मला वाटलं ते तुम्हाला माहीत असेल." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "एक गोष्ट सांगू का? वर असताना मी सारखी बोलत असते. वेग बघा, डावीकडे बघा, उंची सोडू नका. अप्पा म्हणतात, 'बघितलं, बाई.' तासभर आमचं हेच. परवा उतरलो, इंजिन बंद केलं, मी पट्टा सोडला. अप्पा हलेचनात. म्हणाले, 'बाई, आणखी काही चुकलं असेल तर सांगा.' मी म्हटलं, काही नाही चुकलं. तर म्हणाले, 'बघा आठवून.'"

बेबीने फाइल मिटून परत सरकवली. ती दर बुधवारी बाबांना फोन करायची, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, ठीक आहे ना, ठेवते. चार मिनिटं. कधी पाच. पाच झाली की तिला आपण बरंच बोललो असं वाटायचं. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो नक्की कोणाचा आला हे ठरेना.

"मग आज?" तिने विचारलं.

"आज मी काही लपवू शकत नाही. त्यांनी आपटलं तर नाव जाईल. आणि खरं सांगू, मी किती दिवस हे बघत बसू? मोजून चूक करायची म्हटली तरी एखाद दिवशी मोजण्यात चूक होते."

*

क्लबच्या कँटीनमध्ये एकच मोठं टेबल होतं, आणि त्याचा एक पाय खाली घडी केलेल्या पुठ्ठ्यावर उभा होता. चौघे बसले. कॉफी आली. नानांनी बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते एका दमात बोलून टाकलं.

"अप्पा, हे बघ. तू प्रयत्न केलास. या वयात एवढं कोण करतं? पण नाही जमत ते नाही जमत. उद्यापासून दुकानात ये. मागची खोली आहे, तुझं टेबल आहे. काय बेबी?"

काल फोनवर हे दोघांचं ठरलं होतं. नाना बोलतील आणि बेबी री ओढेल. बेबी कॉफीकडे बघत राहिली.

"नानाकाका, थांबा जरा."

"थांबा काय? काल तू काय म्हणालीस मला?"

"काल मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

बेबीने वडिलांकडे पाहिलं. अप्पा कॉफी ढवळत होते. त्यांच्या कॉफीत साखर नसते.

"बाबा, तुम्ही मुद्दाम वाईट उतरवता."

कपातला चमचा थांबला. अप्पांना लहानपणी एकदाच चोरी करताना पकडलं होतं, आणि त्या दिवशी पकडणारी अक्का होती. तिला आत्ता त्यांचा चेहरा ओळखीचा वाटला.

"बाई हुशार आहेत," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?" नाना म्हणाले. "म्हणजे येतं तुला?"

"येतं."

"कधीपासून?"

"झाले वीसेक तास."

"मग हा काय तमाशा आहे? बाईंनी बोलावलं म्हणून आम्ही कामंधामं सोडून आलो. बेबी तीन तास गाडी चालवत आली. अक्काला गुडघ्याचा त्रास असताना आणलं. आणि तू..." नानांचा आवाज चढला आणि मधेच बारीक झाला. आपण कशासाठी आलो होतो ते त्यांनाच आठवलं असावं. "अरे, येत असेल तर कर की. नसेल करायचं तर सोड. हे मधलं काय आहे?"

अप्पा म्हणाले, "आज वारा चांगला आहे."

"मी वाऱ्याचं विचारत नाहीये."

"बाबा, घरी फार शांत वाटतं का?" बेबीने हळूच विचारलं.

तिने हे विचारायला नको होतं. म्हणजे विचारायलाच हवं होतं, पण दोन वर्षांपूर्वी, आणि नानांच्या समोर नाही. अप्पांनी चमचा बशीत ठेवला. या घरात कोणाला एकटं वाटत नाही. कंटाळा येतो, करमत नाही, झोप लागत नाही, पित्त होतं. एकटं वाटतं असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

अक्का उठली. "तुम्ही दोघं इथेच बसा," ती म्हणाली. "अप्पा, चल, मला ते तुझं विमान दाखव. हात दे, पायऱ्या आहेत."

*

विमानांच्या रांगेसमोर एक बाक होतं. वारा दाखवणारी पिशवी खांबावर निम्मी फुगून लोंबत होती. अक्काला विमानात काडीचा रस नव्हता, पण पंखांना बांधलेले दोर तिला आवडले. गाठी नीट होत्या.

सत्तरी ओलांडलेली अक्का एकवीस वर्षांपासून नानांकडे राहत होती. ती कोणाला घाबरत नाही असं सगळ्यांना वाटायचं, कारण ती सगळ्यांना बोलायची. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं की तिच्याशी फारसं कोणी बोलत नाही. तिला उत्तरं देतात एवढंच.

"माझ्या गुडघ्याचं तुला माहीत आहे ना?" ती म्हणाली.

"हो. अजून दुखतोय?"

"चार महिन्यांपूर्वीच बरा झाला."

अप्पांनी वळून बघितलं. "मग ती व्यायाम शिकवायला येते ती मुलगी?"

"येते. सोमवारी आणि गुरुवारी. ती यायची वेळ झाली की मी लंगडते."

"अक्का."

"अरे, ऐक तर. ती येते, खाली बसते, माझा पाय मांडीवर घेते आणि विचारते, आजी, परवापेक्षा आज कसं आहे? आता नानाच्या घरात मला वाईट वागवतात असं नाही हं. ताट वेळेवर येतं, औषध वेळेवर येतं. पण परवापेक्षा आज कसं आहे, हे कोणी विचारत नाही. तेवढ्यासाठी मी चार महिने लंगडले. चांगली लंगडायचे. नानाला संशय आला नाही."

अप्पा हसायला लागले आणि मग त्यांचं हसणं थांबलं.

"मग?"

"मग मागच्या सोमवारी ती पोर रडकुंडीला आली. म्हणाली, आजी, तुमचा गुडघा सुधारत का नाही कळत नाही, मलाच येत नाही असं वाटतं. तिची वरची कोणी बाई आहे, ती तिला बोलते म्हणे. तुझा पेशंट बरा का होत नाही." अक्काने पदर सारखा केला. "माझ्या करमणुकीसाठी मी तिचं नाव खराब करत होते. गुरुवारी ती आली तेव्हा तिच्यासमोर खोलीभर चालून दाखवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. इतकी खूश झाली! म्हणाली, आता तुम्हाला माझी गरज नाही. आणि गेली."

"आणि आता?"

"आता काय? उद्या सोमवार आहे. अकरा वाजले की मी खिडकीत बसेन आणि वाईट वाटेल. बरं वाटेल असं मी तुला सांगणार नाही, मला नाही माहीत. पण घरातल्या घरात चोरून चालावं लागणार नाही एवढं खरं."

मैदानाच्या कडेला एक माणूस गवत कापायचं यंत्र ढकलत होता. त्याचा आवाज लांब गेला, परत जवळ आला.

"तुझ्या बाईला तो मोठा साहेब काय म्हणत असेल?" अक्का म्हणाली. "एक्केचाळीस तास."

"हे मी हिशेबात धरलंच नव्हतं," अप्पा म्हणाले.

"आपण धरत नाहीच."

"मी उतरलो की घरी जातो, अक्का. कुलूप उघडतो. रेडिओ लावतो, बंद करतो. आणि बाईंनी दिवसभरात काय काय सांगितलं ते परत म्हणतो. वेग बघा, डावीकडे बघा. स्वयंपाकघरात उभा राहून." त्यांनी विमानातल्या बाईंच्या सीटकडे बोट केलं. "ती सीट रिकामी झाली ना, तर मग उरतं काय?"

"मला काय माहीत? मी कधी विमान चालवलंय?" अक्काने त्यांच्या हातावर हात ठेवला. ती असं कधी करत नसे, म्हणून दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं आणि तिने तो लगेच काढून घेतला. "ऊठ. तुझी ती बाई वाट बघतेय."

*

आधी एक चक्कर बाईंबरोबर झाली. अप्पांनी विमान उतरवलं आणि चाकं टेकल्याचं दोघांनाही कळलं नाही. धावपट्टीच्या कडेला येऊन थांबल्यावर बाईंनी पट्टा सोडला, कानावरचे हेडफोन काढले आणि अप्पांकडे पाहिलं. त्या काही विचारणार होत्या. अप्पाच म्हणाले, "उतरा, बाई."

"एकच चक्कर. रेडिओ माझ्या हातात आहे, पण गरज पडल्याशिवाय मी बोलणार नाही."

"माहीत आहे."

"अप्पा, मला मुद्दाम गप्प राहावं लागतं. नियम आहे. मी रागावले म्हणून नाही."

दार लागलं. बाई मागे न बघता गवतातून लांब गेल्या. अप्पांनी उजवीकडे हात घातला आणि रिकाम्या सीटचा पट्टा बांधला. तो बांधावाच लागतो, मोकळा राहिला तर चालवायच्या दांड्यात अडकू शकतो. पुस्तकात हे एका ओळीत दिलं होतं. अप्पांनी पट्टा ओढून घट्ट केला आणि रिकाम्या सीटवर एकदा हाताने दाबून पाहिला.

विमान लवकर उचललं. शेजारचं वजन नव्हतं म्हणून ते हलकं झालं होतं, हेही पुस्तकात होतं, पण इतकं हलकं होईल असं अप्पांना वाटलं नव्हतं. कुंपणाशी उभी असलेली तीन माणसं मागे पडली. अप्पा मोठ्याने म्हणाले, "वेग बघा." मग स्वतःच म्हणाले, "बघितला." त्यावर बाई म्हणायच्या ते 'ठीक' कोणीच म्हटलं नाही.

मग वळण. "डावीकडे कोणी नाही." इंजिनाचा आवाज तेवढा होता. खाली गाव पसरलं होतं, छपरं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे. अप्पांनी आपलं घर शोधलं आणि त्यांना ते सापडलं नाही. सगळी घरं सारखीच दिसत होती. त्यांच्या मनात आलं, बायको असती तर या विमानात बसली नसती. तिला जत्रेतल्या पाळण्यातही चक्कर यायची, ती खाली उभी राहून पर्स सांभाळायची. म्हणजे ही सीट तिची कधीच नव्हती. ती कोणाचीच नव्हती. हे कळून अप्पांना काही बरं वाटलं नाही.

त्यांना फार एकटं वाटलं. त्यांनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं, "एकटं वाटतंय." ऐकायला कोणी नव्हतं म्हणून म्हणता आलं. आणि म्हणेपर्यंत दुसरं वळण आलं, त्यांचा हात आपोआप इंजिनाचा जोर कमी करायला गेला, उंची बघायला हवी होती, वारा बघायला हवा होता. घरात एकटं वाटलं की तासन्तास करायला काही नसायचं. इथे तेवढा वेळच नव्हता.

धावपट्टी समोर आली, रुंद होत गेली. जमीन हातभर खाली राहिली तेव्हा अप्पांची बोटं सवयीने दांडा ओढायला निघाली. एक्केचाळीस तासांपैकी वीस तास त्यांनी हीच सवय लावली होती. त्यांनी बोटं धरून ठेवली. अजून नाही. अजून नाही. आता. चाकं टेकली. विमान धावत राहिलं, हळू होत गेलं, आणि आत एकही माणूस नव्हता ज्याने हे बघितलं.

*

कुंपणाशी बेबी रडत होती. नाना हात हलवत होते, विमान थांबून दोन मिनिटं झाली तरी हलवत होते.

"छान झालं की वाईट?" अक्काने बाईंना विचारलं. "आम्हाला सगळं सारखंच दिसतं."

"छान झालं," बाई म्हणाल्या. "खूप छान झालं."

अप्पा चालत आले. नानांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडेनात. "पडला नाहीस," ते म्हणाले. त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं. मग त्यांनी म्हणून टाकलं, अर्धं का होईना. "तो नवा पोरगा कानांत गाणी लावून बसतो रे. दिवसभर एक शब्द बोलत नाही."

"दुपारी येत जाईन मी," अप्पा म्हणाले. "थोडा वेळ."

नानांनी मान डोलावली आणि लगेच पार्किंगकडे बघितलं, जणू गाडी कोणी नेली असती.

"बाबा," बेबी डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येते. शेजारी मी बसते. तुम्ही मला फिरवून आणा."

अप्पांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी नाही म्हणायचं काम अप्पांवर सोडलं.

"नाही बसता येत, बेबी."

"का? आता तर येतं तुम्हाला."

"परवाना मिळेपर्यंत शेजारी कोणाला बसवायचं नाही. शिकवणारे सोडून."

"मग परवाना कधी मिळतो?"

"आधी बरेच तास एकट्याने उडावं लागतं. लांब लांब जाऊन यावं लागतं, तेही एकट्याने. मग परीक्षा. वर्ष तरी धर."

"म्हणजे कोणी शेजारी बसायचं असेल तर..."

"तर आधी तेवढं एकट्याने उडायचं. नियम आहे तसा."

बेबीने रुमाल पर्समध्ये ठेवला. बुधवारच्या चार मिनिटांचं काय करायचं ते तिला आत्ता इथे उभ्या उभ्या ठरवता येईना, पण चार मिनिटं पुरणार नाहीत एवढं तिला कळलं. "मी रोज फोन करेन," ती म्हणाली. अप्पांनी "बरं" म्हटलं. रोज जमणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तिने म्हटलं याचं अप्पांना तरीही बरं वाटलं.

"वर्षभर मी टिकते," अक्का म्हणाली. "माझं नाव आधी घाल. ही तरुण आहे, ही थांबेल."

मग निघायची गडबड झाली. बेबीला लांब जायचं होतं. नानांनी अक्काला गाडीत बसवलं. ती न लंगडता चालत गेली आणि नानांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. दोन्ही गाड्या फाटकाबाहेर वळेपर्यंत अप्पा उभे होते. बाईंचा पुढचा विद्यार्थी आला होता, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, पहिल्याच दिवशी अंगाला मोठं होईल असं जाकीट घालून. बाई तिला घेऊन विमानाकडे निघाल्या. लांबून अप्पांना बाईंचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते, पण शब्द त्यांना पाठ होते.

ऑफिसच्या भिंतीवर आठवड्याचा फळा होता. अप्पांनी खडू घेतला आणि मंगळवार, सकाळी सात, यापुढे आपलं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात त्यांनी दरवेळी 'बाई' लिहिलेलं असायचं. खडू तिथे टेकला, थोडा वेळ टेकलेलाच राहिला, आणि त्यांनी तो खाली ठेवला.

"अप्पा, शिकवणाऱ्यांचा रकाना भरायचा राहिला तुमचा," टेबलामागचा कारकून म्हणाला.

"राहिला नाही," अप्पा म्हणाले. "तो तसाच असू दे."